एकदाच घेतलेला होकार : अकरा वर्षांच्या मुलाच्या शिकार सहलीचे प्रकरण

दादरमध्ये मी मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनाचे काम करते. येथे मांडलेले प्रकरण एका अकरा वर्षांच्या मुलाचे आहे. त्याचे वडील आणि थोरले काका त्याला नामिबियात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी घेऊन गेले होते. मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी लिहिण्याची परवानगी दिली आहे, आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. हे कुटुंब सहलीपूर्वी माझ्याकडे आले होते आणि सहलीनंतरही आले, त्यामुळे निर्णय कसा घेतला गेला आणि पुढे त्याचे काय झाले, या दोन्ही गोष्टी जवळून पाहता आल्या. सहलीपूर्वी दिलेल्या सल्ल्यात माझ्याकडून ज्या गोष्टी सुटल्या, त्याही मी येथे लिहिल्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण नीट समजणार नाही.

पार्श्वभूमी

कुटुंब मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहणारे आहे. वडील अभियंते आहेत, आई महाविद्यालयात शिकवते आणि आजोबा त्यांच्याबरोबरच राहतात. आजोबांचे मूळ गाव राधानगरी तालुक्यात आहे आणि त्यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या शिकारीत हाकाऱ्यांमध्ये, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्यांकडे हाकणाऱ्या माणसांमध्ये, जात असत. दाजीपूरचे जंगल तेव्हा संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते, पुढे १९५८ साली तेथे अभयारण्य झाले. घरात गव्याच्या आणि हाक्याच्या गोष्टी सांगितल्या जात, पण वडिलांच्या पिढीत बंदूक कोणी हातात घेतलेली नव्हती. अपवाद फक्त काकांचा. ते बऱ्याच वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला स्थायिक झाले, तेथे त्यांनी रीतसर परवाना घेतला आणि दर हिवाळ्यात मित्रांबरोबर शिकारीला जाऊ लागले.

जानेवारीत काका मुंबईला आले असताना त्यांनी प्रस्ताव मांडला की मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्याला आणि धाकट्या भावाला ते स्वखर्चाने सात दिवस नामिबियात नेतील. ओचिवारोंगो गावाच्या परिसरातील एका खाजगी शेतजमिनीवर कुडू या मोठ्या हरणाची शिकार करायची होती. पोराचे डोके मोबाइलमधून वर निघत नाही, त्याला खरे रान दिसू दे, असे त्यांचे म्हणणे होते. वडील हरखले. आईने त्याच रात्री विरोध केला आणि पंधरा दिवसांच्या वादानंतर दोघे माझ्याकडे आले.

सहलीपूर्वीच्या बैठका

पहिल्या बैठकीत आईने विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा लिहून ठेवला आहे : "इथे जो गुन्हा आहे, तो तिथे जाऊन सहल कसा होतो, हे मी त्याला कोणत्या तोंडाने समजावू?" प्रश्न रास्त होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर परवाना काढून शिकार करण्याचा उरलासुरला मार्गही बंद झाला. मुंबईच्या शाळेत वाढणाऱ्या मुलाला शिकार आणि चोरटी शिकार हे दोन वेगळे शब्द आहेत हेच माहीत नसते, त्याच्या लेखी दोन्ही एकच. नामिबियातील व्यवस्था निराळी आहे. तेथे १९६० आणि १९७० च्या दशकांत जमीनमालकांना त्यांच्या जमिनीवरील काही वन्यप्राण्यांच्या वापराचे हक्क मिळाले, आणि १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांनाही संघटित होऊन तसेच हक्क मिळवता येऊ लागले. शिकारीतून येणाऱ्या पैशामुळे लोकांना जनावरे राखण्यात रस निर्माण झाला, असे तेथील व्यवस्थेचे समर्थक सांगतात. त्याच खंडातील केनियाने मात्र १९७७ साली हौशी शिकार पूर्ण बंद केली. झिंबाब्वेत २०१५ साली सेसिल नावाचा सिंह एका परदेशी शिकाऱ्याने मारल्यावर जगभर उठलेला संताप वडिलांनाही आठवत होता, म्हणून सिंह, हत्ती, रानरेडा यांच्या वाटेला जायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

माझे स्वतःचे मत मी पालकांपासून लपवले नाही. हौसेसाठी जनावर मारणे मला पटत नाही आणि माझ्या मुलाला मी अशा सहलीला पाठवले नसते. परंतु माझ्या मतावर हे कुटुंब चालावे, अशी अपेक्षा करणे माझ्या कामात बसत नाही. सहल कायदेशीर होती, घेऊन जाणारे दोघेही मुलावर जीव टाकणारे होते आणि मुलाला काय हवे आहे, हे अद्याप कोणी विचारलेले नव्हते.

दुसऱ्या बैठकीत मी त्याच्याशी एकट्याने बोलले. जायचे आहे का, या प्रश्नाला त्याने क्षणाचाही विलंब न लावता "हो" म्हटले. कशासाठी, असे विचारल्यावर त्याने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील एका निसर्गफेरीची गोष्ट सांगितली. पावसाळ्यानंतरच्या ओल्या वाटेवर तेथे त्याला फेरीतल्या एका दादाने बिबट्याच्या पंजाचा ठसा दाखवला होता, आणि तो ठसा ताजा आहे हे त्या दादाने कडेच्या मातीवरून कसे ओळखले, हे त्याने मला हाताने दाखवून सांगितले. काका म्हणाले आहेत, की तिथे माग काढणारी माणसे असतात आणि ती मला शिकवतील, असे तो म्हणाला. जवळजवळ अर्ध्या तासाच्या बोलण्यात बंदुकीचा उल्लेख त्याने एकदाच केला, तोही मी विचारले म्हणून. मी माझ्या वहीत लिहिले : "मुलगा स्वेच्छेने जाऊ इच्छितो." त्याला मागासाठी जायचे आहे, हे मला ऐकू आले होते, तरी मी नोंद केली ती फक्त होकाराची.

तिसऱ्या बैठकीला आजोबा आले. शिकारीच्या घराण्यातले म्हणून ते मुलाच्या बाजूने बोलतील, असे सर्वांना वाटत होते. त्यांनी ना बाजू घेतली, ना विरोध केला. ते एवढेच म्हणाले, "गोळी लागली की जनावर पडतंच असं नाही. जखमी जनावर सोडून कुणी घरी येत नाही. आमच्या वडलांच्या वेळी त्या मागावर पोरं नेत नसत. याला ते चालणं झेपेल का, तेवढं बघा." मी त्याचा अर्थ पायांच्या थकव्यापुरता घेतला. मुलगा फुटबॉल खेळतो, चालण्याचा प्रश्न येणार नाही, असे वडील म्हणाले आणि विषय तेथेच संपला.

चौथ्या बैठकीत अटी ठरल्या. आई प्रवासाला जाणार नव्हती, आणि अल्पवयीन मूल एकाच पालकाबरोबर नामिबियात नेताना न येणाऱ्या पालकाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र व आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला तयार ठेवावा लागतो. त्यामुळे आईची सही ही केवळ घरगुती बाब राहिली नव्हती आणि तिने ती विचारपूर्वक वापरली. तिच्या अटी चार होत्या : मुलगा जिवंत प्राण्यावर गोळी झाडणार नाही, अंगावर येणाऱ्या जनावरांची शिकार होणार नाही, शिंग-कातडे यांपैकी काहीही घरी येणार नाही आणि मुलाला नको वाटेल त्या क्षणी तो मागे थांबू शकेल. काकांनी फोनवरून चारही मान्य केल्या. बंदुकीची शिस्त कळावी म्हणून मुलाला दीड महिना दादरच्या सावरकर स्मारकातील रेंजवर एअर रायफलच्या शिकवणीला घातले. दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरणे त्याला आवडले, पण त्याहून श्वास रोखून स्थिर उभे राहण्यात त्याला गोडी वाटली, असे त्याची आई सांगते.

या अटींवर मी समाधानी होते, कारण त्या स्पष्ट होत्या आणि सर्वांनी मान्य केलेल्या होत्या.

तिसरा दिवस

पुढील हकीकत मुलाने, वडिलांनी आणि काकांनी मला वेगवेगळी सांगितली. तिघांच्या सांगण्यात घटनांबद्दल फारसा फरक नाही.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. नामिबियात मे अखेर म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन. गवत वाळलेले असल्याने लांबचे दिसते. हेरेरो समाजातील एक प्रौढ गृहस्थ माग काढण्याचे काम करत होते. त्यांची आणि मुलाची मोडक्यातोडक्या इंग्रजीत व बऱ्याच अंशी खुणांनी गट्टी जमली. कुडूचा खुर कसा निमुळता असतो, जनावर चालत होते की धावत होते हे ठशाच्या पुढच्या टोकावरून कसे कळते, आणि रात्री फिरणाऱ्या किड्यांची रेघ ठशावरून गेली असेल तर ठसा कालचा आहे, हे त्यांनी त्याला शिकवले. काकांनी त्याला सहलीसाठी मनगटी घड्याळ भेट दिले होते. त्या गृहस्थांनी सांगितल्यावरून प्रत्येक खुणेशी वेळ लिहून ठेवण्याचे काम मुलगा छोट्या वहीत करू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी काकांनी तीन काठ्यांच्या टेकणीवर रायफल ठेवून सुमारे दीडशे मीटरवरच्या एका नर कुडूवर गोळी झाडली. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो, त्याची पिळदार शिंगे पिळाच्या वळणाने मोजली तर सव्वा मीटरपर्यंत सहज भरतात. एवढ्या जनावरासाठी पुरेशी ताकदीचीच बंदूक वापरली पाहिजे, असे तेथील नियम सांगतात, आणि कुडूसाठी गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी किमान २७०० जूल असावी लागते. काकांची रायफल त्या नियमात बसणारी होती. शिकार करणाऱ्या पाहुण्याबरोबर नोंदणीकृत व्यावसायिक शिकारी असावा लागतो, तोही होता. चूक साधनांत नव्हती. चाप ओढला जात असतानाच जनावराने एक पाऊल पुढे टाकले आणि खांद्यामागे छातीत बसायची गोळी पोटात बसली.

पोटात गोळी लागलेले जनावर बहुधा तेथेच पडत नाही, ते पळते आणि काही अंतरावर जाऊन बसते. लगेच पाठलाग केला तर ते पुन्हा उठते आणि मैलोन्‌मैल जाते, म्हणून जाणकार थांबतात. तेथेही व्यावसायिक शिकाऱ्याने सर्वांना पाऊण तास एका झाडाखाली बसवून ठेवले. पद्धत योग्य होती आणि जनावराच्या हिताचीही होती. मात्र त्या पाऊण तासात मोठी माणसे हलक्या आवाजात गोळी कुठे लागली असेल याची चर्चा करत होती, आणि मुलगा घड्याळाकडे पाहत बसला होता. तो मला नंतर म्हणाला, "ताई, त्याला दुखत असताना आपण का बसलो, हे मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, सगळे दमलेत."

निघताना काकांनी मागे वळून त्याला विचारले, "काय रे, येतोस ना, की थांबतोस?" सगळे उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. तो म्हणाला, "येतो."

आईची चौथी अट याच जागी उपयोगात यायची होती. कागदावर ती होती, पण तिला माणूस नेमलेला नव्हता. गाडी बरीच मागे राहिली होती, मुलगा थांबला असता तर त्याच्याजवळ वडिलांना थांबावे लागले असते, आणि त्या प्रसंगी वडिलांना स्वतःलाच भावाला सोडून मागे राहणे अवघड वाटत होते, हे त्यांनी माझ्याजवळ प्रांजळपणे कबूल केले. शिवाय "येतोस ना, की थांबतोस" या प्रश्नात "ना" आधी येतो. ज्या काकाने तिकीट काढले, घड्याळ दिले, त्याच्या तोंडून आलेल्या अशा प्रश्नाला अकरा वर्षांचे मूल दुसरे कोणते उत्तर देणार? नको वाटल्यास थांबता येईल, हे त्याला मुंबईत सांगितलेले होते, परंतु आपण थांबलो तर कोणाचाही खोळंबा होणार नाही, ही खात्री त्या ठिकाणी त्याला कोणीच दिली नव्हती.

रक्ताचा माग बारीक होता. पोटातल्या जखमेतून रक्त कमी येते आणि त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवट अंश मिसळलेला असतो. फुप्फुसाला लागले असते तर रक्त फेसाळ आणि गुलाबी दिसले असते, हे माग काढणाऱ्या गृहस्थांनी मुलाला गवताच्या काडीने थेंब दाखवत समजावले. मुलाने वहीत सात नोंदी केल्या. दोन ठिकाणी जनावर बसून उठलेले होते आणि तेथे माती ओली होती. ११ वाजून ५० मिनिटांनी काटेरी झुडपांच्या दाटीत कुडू सापडला. तो बसलेला होता आणि त्याचे कान हलत होते. काकांनी दुसरी गोळी झाडली.

त्यानंतर जे घडले, ते शिकारीच्या जगात सर्रास घडते आणि म्हणूनच आधी त्याबद्दल कोणी बोलत नाही. फोटोसाठी जनावर नीट बसवले गेले, पाय पोटाखाली दुमडले, बाहेर आलेली जीभ आत घातली, मान वळवून शिंगे उजेडात आणली आणि तोंडाजवळचे, पोटावरचे रक्त पाण्याने व गवताने पुसून काढले. मुलाने विचारले, "का पुसताय?" फोटो चांगला येतो, असे उत्तर मिळाले. १२ वाजून ५ मिनिटांनी काका, वडील आणि मध्ये मुलगा, असा फोटो निघाला. कोणीतरी "हस" म्हटले, तो हसला.

परतल्यानंतर

फोटो त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, तेथून एका नातेवाइकाने तो पुढे पाठवला आणि शाळा सुरू होईपर्यंत तो वर्गातील मुलांपर्यंत पोहोचला. काही मुलांनी त्याला "वाघ" म्हटले, काहींनी "खुनी" म्हटले. घरी नातेवाईक पाठ थोपटत. तो दोघांनाही काही बोलत नसे. त्याची ही शांतता वडिलांना समजूतदारपणा वाटली आणि आईला धक्का वाटला.

जूनच्या मध्यावर आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. तो पहाटे चारच्या सुमारास जागा होई, खाली खेळायला जात नसे, आणि काकांचे घड्याळ त्याने कपाटात ठेवून दिले होते, तरी दिवसातून अनेकदा "किती वाजले?" असे विचारत असे. रविवारचे मटण मात्र तो पूर्वीसारखेच आवडीने खात होता आणि आईला याचेच सर्वात आश्चर्य वाटत होते. मुलाला प्राणी मरण्याचा धक्का बसला असेल तर ताटातले मटण त्याला चालते कसे, असे तिने मला विचारले. मला हा तपशील मोलाचा वाटला, कारण मृत्यू हा त्याचा प्रश्न नव्हता, हे त्यातून स्पष्ट झाले. या वयाच्या मुलाला मृत्यू समजतो आणि मांस कोठून येते हेही समजते. मी कोणतेही निदान लावले नाही. मोठ्या आघातानंतरच्या विकाराचे निदान करताना लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकली आहेत का, हे पाहावे लागते, आणि या मुलाची झोप वगळता दिनचर्या बरीचशी ठीक होती.

पहिल्या भेटीत त्याने काही सांगितले नाही, चित्रही काढले नाही. दुसऱ्या भेटीत त्याने ती छोटी वही आणली आणि मी दिलेल्या मोठ्या कागदावर एक सरळ रेघ आखली. रेघेच्या एका टोकाला ८.१० लिहिले, दुसऱ्या टोकाला ११.५०, आणि मध्ये सात खुणा केल्या. मग थोडी जागा सोडून १२.०५ लिहिले आणि पेन खाली ठेवले. ३ तास ४० मिनिटे, असे तो म्हणाला. "आणि मग मी पंधरा मिनिटांनी हसलो."

पुढील दोन भेटींत ही गाठ हळूहळू सुटत गेली. त्याच्या मनात दोन विचार एकमेकांत अडकले होते. आपण "येतो" म्हणालो, म्हणजे जे झाले त्यात आपण राजीखुशीने होतो, असे त्याला वाटत होते. आणि आपण "थांबतो" म्हणालो असतो तर बाबा-काकाही थांबले असते व तो कुडू झुडपात तसाच तडफडत राहिला असता, असेही त्याला वाटत होते. म्हणजे कोणतेही उत्तर दिले तरी दोष त्याचाच. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या चार मोठ्या माणसांपैकी कोणालाही हा हिशेब दिसला नव्हता, आणि मुंबईत बसून अटी लिहून घेणाऱ्या मलाही तो सुचला नव्हता. त्यात तो फोटो. ज्या रक्ताचा थेंब अन् थेंब त्याने वेळेसकट नोंदवला होता, ते त्याच्यासमोर पुसले गेले आणि पुसल्यानंतरचे चित्र सगळ्यांनी खरे मानले. त्याच्या वहीतले कोणी मागितलेही नाही.

काकांशी संवाद

जुलैत मी काकांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ते दुखावले गेले होते. "मॅडम, आम्ही जनावर अर्ध्यावर सोडलं नाही. जखमी केलं तर शेवटपर्यंत जायचं, हेच तर मला त्याला दाखवायचं होतं," असे ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते आणि मी ते मान्य केले. रक्त निघाले की जनावर मिळो न मिळो, पूर्ण शुल्क भरावे लागते, हा तिकडचा रिवाज असतो, पण केवळ पैशांसाठी त्यांनी तो माग धरला नव्हता. मी त्यांना एकच गोष्ट विचारली : पहिली गोळी चुकीच्या जागी लागली, हे त्यांनी पुतण्याला कधी सांगितले होते का? ते बराच वेळ गप्प राहिले.

त्या संभाषणात मी त्यांना एका मुंबईकर मुलाची गोष्ट सांगितली. १८९६ साली जन्मलेले सालिम अली खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो चक्रावला. हा कोणता पक्षी, हे मामांनाही सांगता येईना. मामांनी त्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तेथे मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दाखवला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. शिकारीतून निसर्गप्रेमी घडतात, असे सिद्ध करण्यासाठी ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. तो अर्थ मला मान्य नाही, कारण चिमण्या मारलेल्या बहुतेक मुलांचे पुढे काहीच झाले नाही. मला त्या मामांचे वागणे लक्षणीय वाटते. मेलेला पक्षी हातात घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी शाबासकी दिली नाही की रागावलेही नाहीत, त्याच्या हातात जे होते त्याकडे त्यांनी पाहिले आणि आपल्याला उत्तर येत नाही, हे कबूल केले. आमच्या प्रकरणातील मुलाच्या हातात वही होती.

पुढच्या रविवारी काकांनी स्वतःहून फोन केला. मुलाच्या इच्छेवरून मी त्या वेळी हजर होते. ते म्हणाले, "माझी गोळी मागे लागली रे. त्याने पाऊल टाकलं हे खरं, पण मी आणखी थांबायला पाहिजे होतं. तुझा त्यात काही दोष नाही. तू थांबतो म्हणाला असतास, तर बाबा तुझ्याजवळ बसला असता आणि आम्ही पुढे गेलोच असतो." मुलाने विचारले, "मग फोटोत तुम्ही का हसत होता?" काका म्हणाले, "संपलं एकदाचं, म्हणून. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते संपलं होतं." मुलगा म्हणाला, "मला पण." त्या रात्रीपासून त्याच्या झोपेत फरक पडू लागला, असे आईने नोंदवले आहे.

आता हे कुटुंब पहिल्यांदा आले तर

आज हेच आईवडील जानेवारीत माझ्यासमोर बसले तर मी मुलाचा होकार एकदाच विचारून वहीत लिहिणार नाही. दिवाणखान्यात दिलेला होकार झाडाखालच्या पाऊण तासाला लागू होत नाही, रक्ताच्या मागाला नाही आणि फोटोला तर मुळीच नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्याला पुन्हा विचारावे लागेल, तेही इतरांच्या देखत नव्हे तर बाजूला घेऊन, आणि यजमानाने नव्हे तर बापाने. थांबण्याच्या अटीला नावानिशी एक माणूस जोडलेला असावा, त्याचे कामच मुलाबरोबर थांबण्याचे असावे आणि त्याने स्वतः शिकारीत भाग घेऊ नये. आजोबांचे वाक्य मी तेव्हा ऐकले असते तर जखमी जनावराच्या मागावर मूल जाणार नाही, ही अट सर्वांत आधी लिहिली गेली असती. फोटो काढायचा की नाही आणि तो कोणाला पाठवायचा, हे मुलाने ठरवावे व दुसऱ्या दिवशी ठरवावे. आणि ज्या मुलाला केवळ माग शिकायचा आहे, त्याच्यासाठी गोळी न झाडता माग शिकवणारी सहलही असते, हे त्याच्या वडिलांना सांगणे माझे काम होते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२३ साली काढलेल्या सामान्य टिपणी क्रमांक २६ मध्ये प्राण्यांवर होणारी हिंसा मुलांच्या दृष्टीस पडण्यापासून त्यांचे संरक्षण व्हावे, असे म्हटले आहे. त्यापूर्वी २०१८ मध्ये याच समितीने स्पेनला बैलांच्या झुंजींपासून मुलांना दूर ठेवण्याची शिफारस केली होती. भारताने बालहक्क संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. या प्रकरणातील आईला मी हे ऑगस्टमध्ये दाखवले. तिने वाचले आणि म्हणाली, "हे मला जानेवारीत माहीत असतं तरी मी सही केली असती. तो जायला इतका आनंदात होता."

सध्याची स्थिती

मुलाच्या सांगण्यावरून कुटुंबाच्या गटावरून तो फोटो काढून टाकण्यात आला. पुढे गेलेल्या प्रती परत आणता येणार नाहीत, हेही त्याला समजावून सांगितले आणि ते त्याला आवडले नाही. घड्याळ तो पुन्हा वापरू लागला आहे. सहलीतला एक फोटो त्याने स्वतः काढलेला होता आणि तो मात्र त्याने ठेवला : तांबड्या मातीत कुडूच्या खुराचा ठसा आणि शेजारी मोजमापासाठी ठेवलेला त्याचा स्वतःचा बूट. तो दुसऱ्या दिवसाचा आहे. आजोबांनी त्याला दाजीपूरला न्यायचे कबूल केले आहे.

शेवटच्या भेटीत मी त्याला विचारले, की काकांनी पुन्हा बोलावले तर? त्याने विचार करायला वेळ घेतला. "जाईन," तो म्हणाला, "पण मी त्या माग काढणाऱ्या काकांबरोबर चालेन. आणि गोळी झाडायच्या आधी आम्ही दोघं परत येऊ." हे मी त्याच्यासमोरच आईला सांगितले. ती काही बोलली नाही. पुढच्या प्रवासासाठी नव्याने प्रतिज्ञापत्र करावे लागेल, आणि त्यावर सही करायची की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.